बेटावरची खरी संस्कृती आणि आजोबांची पँट

सहलीचं नियोजन कसं करावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं! असं मी गेल्या महिन्यापर्यंत छाती फुगवून सांगत असे. आता कुणी आलंच, तर मी घरी नाही असं बायको परस्पर सांगून टाकते.

मी ऑफिसात नियोजन विभागात असतो. तिथे सूचनापेटी आहे. ती दर शनिवारी उघडतात आणि आतल्या सगळ्या सूचना माझ्याच असतात. कँटीनमधल्या चमच्यांच्या लांबीपासून साहेबांच्या खुर्चीच्या दिशेपर्यंत मी सगळ्याबद्दल सुचवलेलं आहे. एकही सूचना अजून अंमलात आलेली नाही, पण त्याला नियोजनाचा काय दोष?

तर झालं असं, की सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळ्यांनी एका बेटावर जायचं ठरलं. आमचे साडू लगेच म्हणाले, "मस्तपैकी पॅकेज घेऊ! बस, गाइड, सगळं तेच बघतात." साडू हा पॅकेजचा माणूस. फुकट टोपी आणि पाण्याची बाटली मिळाली की तो झेंडेवाल्याच्या मागे डोळे मिटून चालत जाईल.

"पॅकेजमध्ये काय दिसतं?" मी म्हणालो. "पुढच्याचं डोकं! मी तुम्हाला खरी संस्कृती दाखवतो. बेटावरची माणसं जगतात कशी, ती दाखवतो!"

साडू हसले. तिथेच माझं डोकं फिरलं. म्हटलं, या सहलीत सासऱ्यांच्या तोंडून "जावई असावा तर असा" हे वदवून घेतलं नाही, तर नाव लावणार नाही.

बेटावर पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी दोन तट पडले. साडू, मेहुणी आणि सासूबाई बसनं निघाले. आधी दीपगृह, मग धबधबा, मग फुलपाखरांची बाग आणि शेवटी 'लोकजीवन दर्शन'. हे शेवटचं मात्र मलाही बघायचं होतं. बेटावरचे लोक पूर्वी कसे राहत, ते एका जुन्या घरात करून दाखवतात म्हणे. मी ठरवलं, गर्दीच्या आधी आपण चालत जाऊन गाठायचं. माझ्या बाजूला बायको आणि सासरे. सासरे का आले, तर त्यांना बस लागते.

हॉटेलच्या मॅनेजरनं रस्ता सांगितला. "विहिरीपाशी उजवीकडे वळा. झावळ्यांचं छप्पर, निळं फाटक."

विहिरीपाशी मी डावीकडे वळलो. कारण नकाशावर तिकडून जवळ पडत होतं, आणि नकाशा मी घरीच स्वतः काढून आणला होता.

थोड्या वेळात झावळ्यांचं छप्पर दिसलं. फाटक हिरवं होतं.

"अहो, निळं म्हणाला होता ना तो?" बायकोनं विचारलं.

"रंग दिला असेल, अगं! फाटकाचा रंग बघायला आलोय का आपण?"

आता आमचा अवतार ऐका. माझ्या अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत सहलीची फाइल. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. ते नुसते उभे राहिले तरी समोरच्याला आपला गृहपाठ राहिलाय असं वाटतं. बायकोच्या हातात छत्री. आम्ही फाटक ढकललं आणि आतून एक बाई धावतच आल्या. नवीकोरी साडी, चेहऱ्यावर घाम.

"आलात! या, या! सकाळपासून वाट बघतोय, साहेब!"

मी सासऱ्यांकडे विजयी नजर टाकली. बसवाल्यांचं असं स्वागत होतं का?

अंगण झाडून लख्ख केलं होतं. ओळीनं खुर्च्या मांडल्या होत्या. बाईंचा नवरा, आडव्या बांध्याचा एक अबोल माणूस, शहाळी घेऊन उभा होता. "कुठून सुरुवात करू, साहेब?" बाई म्हणाल्या.

"तुमच्या पद्धतीनं होऊ द्या. आम्ही बघतो," मी म्हणालो आणि पेन काढलं.

त्यांनी पाहुण्यांची खोली दाखवली. मग स्वयंपाकघरात नेलं आणि मोठ्या कौतुकानं एका पांढऱ्या फ्रिजवरचा टॉवेल ओढला. "हा फ्रिज. नवा आहे, साहेब!"

माझा तर विरसच झाला. "फ्रिज? पूर्वी होता का फ्रिज?"

"पूर्वी नव्हता. यासाठीच मुद्दाम घेतला."

"तिथेच तर चुकलं तुमचं! लोक एवढ्या लांबून काय फ्रिज बघायला येणार आहेत?"

बाईंचा चेहरा उतरला. "चालणार नाही?"

"अजिबात नाही! बाहेर काढा."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, फ्रिजला मिठी मारली आणि तो परसात नेऊन केळीखाली ठेवला.

बस्स! सूचनापेटीत इतकी वर्षं कोंडलेला मी, आणि इथे शब्द खाली पडायच्या आत अंमलबजावणी! मला चेवच चढला. वरचा पंखा दिसला. "हा कशाला? बेटावर वारा काय कमी आहे?" पंखा उतरला. दिवे काढायला लावले. बाई धीर करून म्हणाल्या, "साहेब, संडास बघा ना. नव्या फरशा बसवल्यात, आत आरसापण आहे." दार उघडलं तर आतून गुलाबी फरशी चमकली. मी किंचाळलोच, "अरे बापरे! झाका, झाका ते!" त्यावर झावळ्यांचा असा ढीग रचून घेतला, की खाली दार आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"अहो, तुम्हाला काय करायच्यात नसत्या उठाठेवी?" बायको कानाशी येऊन कुजबुजली.

"भलं होतंय त्यांचं!"

"जावईबापू, बाई घाबरल्यासारख्या दिसतायत हो," सासरे म्हणाले.

"नवखे कलाकार आहेत, बाबा. होईल सवय."

तेवढ्यात आतून एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट खोचलेला, खिशाला कंगवा, आणि पँटीची इस्त्री अशी कडक की घडीनं बोट कापावं.

"माझे वडील," बाई म्हणाल्या. "जन्मभर बोटीवर इंजिनात होते. आज तुम्ही येणार म्हणून पहाटे उठून स्वतः इस्त्री केली त्यांनी."

मी कपाळाला हात लावला. "आजोबा, तुमचे आजोबा पँट घालायचे का?"

"हो," आजोबा म्हणाले. "ते पोस्टात होते. खाकी घालायचे."

"ते जाऊ द्या! लोकांना हे नको असतं. पंचा गुंडाळा आणि झाडाखाली नारळ सोलत बसा."

"गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही मला."

"मग उभे राहा. भाला आहे का घरात?"

"छत्री आहे."

शेवटी कोपऱ्यातलं एक वल्हं सापडलं. आजोबा मुकाट्यानं आत जाऊन पंचा गुंडाळून आले. पँट त्यांनी घडी मोडू न देता खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मी त्यांना अंगणात उभं केलं, हातात वल्हं दिलं. "हां! आता समुद्राकडे बघा. एकटक!"

"समुद्र मागच्या बाजूला आहे."

"असू द्या. इथेच आहे असं समजा आणि हलू नका!"

आजोबा रस्त्याकडे एकटक बघू लागले. बाईंनी आम्हाला चहा दिला. माझ्या हातात कप देताना त्या नवऱ्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "साहेब, एवढं सगळं केलं, आता मिळेल ना? पुढच्या आठवड्यात हंगाम सुरू होतोय. नाही मिळालं तर यांना परत बोटीवर जावं लागेल. मग सहा-सहा महिने घरात तोंड दिसत नाही."

मला वाटलं, टाळ्याबिळ्या, प्रेक्षक वगैरे म्हणत असतील. "मिळेल म्हणजे काय? मिळणारच!" मी म्हणालो. "मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' आठवलं की मला अजून उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

कारण त्याच वेळी फाटकाशी स्कूटर थांबली. हेल्मेट काढत एक बाई आत आल्या. गळ्यात ओळखपत्र. "पर्यटन कार्यालयातून आलेय. उशीर झाला, माफ करा. तुम्ही पाहुण्यांसाठी खोल्या देणार आहात ना, त्याच्या परवान्याची तपासणी."

घरच्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"मग हे कोण?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. फक्त आजोबा रस्त्याकडे बघत होते.

"मी... पर्यटक," मी म्हणालो. आवाज माझा नव्हताच. आणि समोर सगळं लख्ख दिसू लागलं. हे लोकजीवन दर्शन नव्हतं. हे त्यांचं घर होतं! फ्रिज, पंखा, गुलाबी फरशी, हीच त्यांची परीक्षेची तयारी होती, आणि ती सगळी मी स्वतःच्या तोंडानं बाहेर काढायला लावली होती. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, मी खरोखरच पायाखाली बघून घेतलं.

तपासणीवाल्या बाई आत गेल्या. "फ्रिज?"

घरच्या बाई पदराशी चाळा करू लागल्या.

"पंखा? दिवे? बरं, संडास कुठे आहे?"

नवऱ्यानं झावळ्यांच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

तपासणीवाल्या बाई बाहेर आल्या. "आणि हे काय करतायत?"

"समुद्र बघतोय," आजोबा म्हणाले.

"समुद्र मागे आहे."

"माहीत आहे मला," आजोबा म्हणाले. पण हलले नाहीत.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "काहीच सोय दिसत नाही. आता पुढच्या हंगामात अर्ज करा."

घरच्या बाई पायरीवर बसल्या. मला वाटलं, आता चांगल्या दोन कानाखाली ठेवून देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझंच चुकलं. कोण, कुठले, हे आधी विचारायला हवं होतं."

मला तोंड वर करवेना. खरं सांगतो, मी फाटकाकडे बघत होतो. बायको बोलत नव्हती, आणि ती बोलत नाही तेव्हा प्रकरण फार गंभीर असतं. सासऱ्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुख्याध्यापकांच्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, बोला."

मी तपासणीवाल्या बाईंपुढे जाऊन उभा राहिलो. "बाई, सगळं होतं. मीच काढायला लावलं."

"फ्रिज तुम्ही काढायला लावलात?"

"हो."

"पंखा?"

"हो."

"आणि संडासावर झावळ्या?"

"...हो."

"तुम्ही करता काय?"

"नियोजन विभागात असतो," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला ती फाइल चघळून गिळून टाकावीशी वाटली. मग त्यांनी हेल्मेट चढवलं. "पलीकडच्या वाडीत अजून एक घर बघायचंय. ते बघून मी परत येते. तेव्हा जे दिसेल ते लिहीन."

पुढचा सगळा वेळ आम्ही नुसते पळत होतो. बायकोनं पदर खोचून झावळ्या उपसल्या. सासरे स्टुलावर चढून दिवे लावत होते, या वयात! बाई फरशी पुसत होत्या. मी आणि नवरा परसात गेलो. तेव्हा तो माणूस पहिल्यांदा बोलला.

"उचला," तो म्हणाला.

मागच्या दारात पाणी झाल्यामुळे फ्रिज पुढून न्यावा लागला. मी फ्रिजखाली पार वाकलेलो, धापा टाकतोय, आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावरून पॅकेजची बस आली! खिडकीतून फुकटच्या टोपीखाली साडूंचं डोकं बाहेर आलं.

"साडूभाऊ! ही का तुमची खरी संस्कृती?"

बसभर हशा पिकला. मग कुणाला तरी वल्हं धरलेले आजोबा दिसले आणि सगळ्या खिडक्यांतून फोटो निघू लागले. माझ्या नियोजनातला तेवढाच भाग यशस्वी झाला. साडूंनी फोटो मात्र माझाच काढला. तो आता आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आहे आणि कुणाचाही वाढदिवस असला तरी तोच टाकतात.

तपासणीवाल्या बाई परत आल्या. फ्रिजचं बटण दाबलं. आम्ही सगळे श्वास रोखून. तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग गुरगुरला. घरच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. पंखा फिरला, दिवे लागले, गुलाबी फरशी चमकली. तपासणीवाल्या बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "खरं तर सोयी बघायची गरजच नव्हती. या गृहस्थांना सकाळभर सहन केलंत, वर चहाही पाजलात. तुम्ही कुठलाही पाहुणा सांभाळाल."

घरच्या बाई हसल्या. नवराही हसला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हटलं, चला, आता कुणाच्या लक्षात यायच्या आत सटकावं. शरमेनं मान खाली घालूनच मी अंगणातून निघालो.

आणि आजोबांच्या समोर आलो. उन्हात, पंचा गुंडाळून, वल्हं धरून ते तसेच उभे होते. त्या धावपळीत त्यांना 'झालं' असं सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांच्यासमोरून फ्रिज नेला होता मी! घामानं निथळत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, आता मी पँट घालू का?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी मी दिलेली ती एकमेव योग्य सूचना.