नोरीनचं पित्ताशय आणि एक अनधिकृत हात

पोट कोणाचंही असो, त्याची खरी माहिती पोटाच्या मालकाला नसते. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या वारुंगी गावच्या रुग्णालयात पोटाला हात लावण्याआधी सीटी स्कॅन काढायचा, असा दंडक होता. (सोनोग्राफी करणारा माणूस फक्त मंगळवारी यायचा. गावातल्या पित्ताशयांनी याची नोंद घ्यावी, अशी अपेक्षा होती.)

एका शनिवारी दुपारी बोलिंग क्लबच्या स्वयंपाकघरातून नोरीन पास्को आली. वय त्रेसष्ट, अंगात ताप, कमरेत वाकलेली. दुखणं दहापैकी किती, असं विचारल्यावर म्हणाली, "दोन. उगाच कशाला तक्रार?" वारुंगीत तीनच्या वर कोणी जात नाही. गेल्या वर्षी ट्रॅक्टरखाली पाय सापडलेल्या एकाने साडेतीन सांगितलं, तर नाटकी म्हणून त्याचं गावभर नाव झालं.

सिस्टर ग्लेनिस टक नोरीनला चाळीस वर्षं ओळखत होती. नोरीनने पुढ्यातला चहा अर्धा टाकलेला पाहून तिच्या काळजात चर्र झालं. पण फॉर्ममध्ये चहाचा रकाना नव्हता.

स्कॅनचा अहवाल आला: पित्ताशय किंचित फुगलेलं, खडे दिसत नाहीत, कृपया रुग्णास तपासून खात्री करावी. तरुण डॉक्टर ॲलिस्टर बीन यांनी तो काळजीपूर्वक वाचला आणि खात्रीसाठी दुसरा स्कॅन काढला. त्याच्या अहवालातही तेच होतं, फक्त 'कृपया' गळलं होतं. तोवर ताप आणखी चढला. डॉक्टर तिसऱ्याच्या तयारीला लागले.

"आधी तिच्या पोटाला हात लावून बघा, डॉक्टर," ग्लेनिस म्हणाली.

"लावला असता, सिस्टर. पण त्याचा अहवाल कोण देणार?"

ग्लेनिसने सरळ नोरीनच्या उजव्या बरगड्यांखाली बोटं दाबली. "मोठा श्वास घे गं." नोरीनचा श्वास अर्ध्यावरच अडकला.

"आता किती?"

"चार असेल," नोरीन ओशाळून म्हणाली.

चार ऐकताच डॉक्टरांचं धाबं दणाणलं. रुग्णालयाच्या इतिहासात चार कोणी सांगितलंच नव्हतं. तासाभरात तिला न्यायला विमान आलं आणि शहरात शस्त्रक्रिया झाली. पित्ताशय काळं पडलं होतं, फुटायच्या बेतात होतं. नोरीन वाचली, आणि ग्लेनिस औषधांच्या खोलीत जाऊन मनसोक्त रडली.

चौकशी समितीने यशाचं श्रेय दोन्ही स्कॅनना समान वाटून दिलं. ग्लेनिसला लेखी समज मिळाली, कारण तिचा हात प्रमाणित नव्हता.

वाचकहो, मघापासून उजव्या बरगडीखाली चाचपणारा तुमचा हातही प्रमाणित नाही. तो काढा. दुखलंच असेल, तर दोन म्हणा आणि मंगळवारपर्यंत थांबा.