फवारणीचा पंप आणि कुकरची रिंग

आपली गाडी गळते, हे संपतरावांनी कधीच नाकारलं नव्हतं. तिने मेव्हण्याच्या दारात जाऊन गळू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि उद्या नेमकं मेव्हण्याच्याच दारात जायचं होतं.

त्यांच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या, धाकट्या भावाने, संतरामने, कनेरगाव नाक्याला नवं घर बांधलं होतं. उद्या त्याची वास्तुशांती. पुसेगावाहून जायला अंतर असं काही नाही, पण गेल्या भाऊबीजेला याच रस्त्यावर, संतरामचं गाव नजरेच्या टप्प्यात आल्यावर, गाडीच्या बोनेटमधून चहाच्या टपरीसारखी वाफ निघाली होती. संतराम ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने गाडीला दोर बांधला आणि दाजींना भर नाक्यातून ओढत घरी नेलं. संपतराव मागे स्टिअरिंग धरून बसले होते, कारण ओढल्या जाणाऱ्या गाडीतही कोणीतरी बसावंच लागतं. संतरामच्या बायकोने, आशाबाईने, त्या सगळ्या वरातीचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. त्या दिवसापासून संपतरावांनी त्या ग्रुपवर साधं 'शुभ सकाळ'सुद्धा टाकलं नव्हतं.

त्या वेळी मेकॅनिकने रेडिएटर नुसता रिकामा दिसला म्हणून पाण्याने भरून दिला होता. पुढे ती सेनगाव, हिंगोली अशी बिनतक्रार फिरली, पण रोज संध्याकाळी तिच्या नाकाखाली जमिनीवर ओल दिसायची. ओल दिसली की संपतराव रेडिएटरला जोडलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत तांब्याभर पाणी ओतायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल. मेकॅनिक म्हणाला, दाब देऊन गळती शोधावी लागेल, गाडी दोन दिवस सोडून जा. दोन दिवस होते कुठे? तेव्हा संपतरावांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, तो पुन्हा एकदा पाहिला आणि हे काम घरी होण्यासारखं आहे असं त्यांचं मत झालं. रेडिएटरच्या तोंडातून आत दाब द्यायचा आणि दाब मोजायच्या घड्याळाचा काटा बघायचा. काटा खाली आला की कुठेतरी गळतंय. व्हिडिओतल्या माणसाकडे त्यासाठी खास पंप होता. संपतरावांकडे पाठीवरचा फवारणीचा पंप होता.

पंचफुलाबाई ओसरीवर बसून भावाला द्यायची घरची हळद पिशवीत भरत होत्या.

"गाडी गळून न्हाई राहिली," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"मग ती वल कशाची?"

"ते मला न्हाई माहीत. पण गाडी गळत न्हाई. तिला हात नका लावू."

"तुला काय कळतं गाडीतलं?" संपतराव म्हणाले आणि पंपाची नळी कापायला बसले. पंचफुलाबाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की जरा थांबून विचार करावा, हे संपतरावांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलं नव्हतं.

घड्याळासाठी त्यांनी वसरामला बोलावलं. वसरामचं फाट्यावर पंक्चरचं दुकान. तो कंप्रेसरवरचं घड्याळ काढूनच घेऊन आला. दोघांनी पंप पाण्याने भरला, नळीत घड्याळ बसवलं आणि नळीचं टोक सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळून रेडिएटरच्या तोंडात ठोकलं. संपतरावांनी पंपाचा दांडा हलवायला सुरुवात केली. काटा जरासा चढला आणि लगेच खाली आला.

"गळतंय," संपतराव आनंदाने म्हणाले.

"गळतंय खरं," वसराम म्हणाला, "पण आपन लावलं तिथंच गळून राहिलं. ट्यूब पातळ हाय काका. जाड रबर पायजे."

संपतराव घरात गेले आणि थोड्या वेळाने एक जाड रबर कापत कापतच बाहेर आले. ते कुठलं, हे वसरामने विचारलं नाही. रबर मात्र चपखल बसलं. काटा पंधरावर गेला आणि तिथेच उभा राहिला. दोघांनी चहा घेतला, तरी काटा हलला नाही.

"काका, गाडी बराबर हाय तुमची," वसराम म्हणाला. "बाटलीत पानी किती घालता रोज?"

"तांब्याभर."

"भरल्या बाटलीत?"

"वल दिसती म्हनून घालतो."

"तुमी घालता म्हनून वल दिसती. जास्तीचं ते बाहेर टाकून देती गाडी."

खरं तर इथे पंप आवरायला हरकत नव्हती. पण इतके दिवस आपणच रोज आपल्या हाताने गाडी गळवत होतो, ही गोष्ट संपतरावांच्या घशाखाली उतरेना. गळती सापडायलाच हवी होती. न सापडून कसं चालेल?

"अजून दाब देऊन बघू," ते म्हणाले.

"झाकनावर पंधराच लिव्हेल हाय काका."

"कंपनीवाले भीत भीत लिव्हतात."

काटा विसाच्या पुढे गेला, मग पंचविसाच्या. संपतराव एका हाताने दांडा मारत, दुसऱ्या हातात बॅटरी धरून रेडिएटरवर वाकले. आतून 'फट्' असा बारीकसा आवाज आला आणि पाण्याची एक पिवळी धार नेम धरून मारावी तशी त्यांच्या तोंडावर बसली.

वसरामने त्यांच्या गालावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. "हळद हाय काका," तो म्हणाला.

दोघांनीही ओसरीकडे पाहिलं. पंचफुलाबाई पिशवीला गाठ मारत होत्या.

"भाऊबीजेला टाकली व्हती," त्या म्हणाल्या. "मूठभर."

"गाडीत? काहून?"

"हळदीनं भोक बुजतं. बुजलं बी व्हतं. तवापासून थेंब गळाला का?"

"तुला कोनी सांगितलं हे?"

"हाय एक जानकार मानूस."

"आन मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी तवा भिताडाकडं तोंड करून बसले व्हते. सांगू कोनाला?"

संपतराव तिथेच पंपाशेजारी बसले. धडधाकट गाडी त्यांनी तपासून तपासून फोडली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे तो ट्रॅक्टर आला, तो दोर आला आणि फोन उंच धरून उभी असलेली आशाबाई आली. त्यांना मनापासून वाईट वाटलं. वसराम आपलं घड्याळ पुसून निघून गेला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून पंचफुलाबाईंचा आवाज आला. "अवो, कुकरची रिंग कुठंय?"

संपतरावांनी रेडिएटरकडे बोट केलं. रात्री दोघांनी ठेच्याशी भाकरी खाल्ली.

सकाळी संपतराव ओसरीवर आले आणि खांबाकडे बघत म्हणाले, "ती हळद… मूठभर म्हनली का दोन मुठी?"

पंचफुलाबाईंनी भावाच्या पिशवीची गाठ सोडली. संपतरावांनी पाण्यात हळद कालवून रेडिएटरमध्ये ओतली, गाडी चालू केली, गळती हळूहळू थांबताना बघितली आणि तेवढ्या वेळात कपाळावरचा घाम त्याच हातांनी पुसला. मग आरशात पाहिलं, तर तोंड पिवळंधमक. साबण लावला तर हळद लाल झाली. पाणी मारलं तर पुन्हा पिवळी झाली. मुहूर्त जवळ येत होता, तेव्हा ते तसेच निघाले.

वाटेत संपतरावांची एक नजर रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर होती. ढाबे गेले, मागच्या वेळी जिथे वाफ निघाली होती ती जागा गेली, काटा मधोमध होता. गाडी नाक्यातून आपल्या पायांनी चालत गेली आणि संतरामच्या मांडवाशी जाऊन थांबली. संपतराव ताठ मानेने खाली उतरले.

सगळा मांडव त्यांच्याकडे बघत राहिला. आशाबाईने फोन वर केलाच.

"दाजी," संतराम म्हणाला, "वास्तू माझी हाय. हळद तुमाला कोनी लावली?"

हसून हसून लोकांच्या पंगती मोडायची वेळ आली. संपतरावांनी ते सगळं ऐकून घेतलं. "गाडी चालत आली, तेवढं बघ," एवढंच ते म्हणाले. पण मनातून ते खट्टू झाले. गाडीने लाज राखली होती, तोंडाने घालवली होती.

जेवणं झाल्यावर संतरामने त्यांना हाताला धरून घरामागे नेलं. तिथे झाडाखाली त्याची मोठी, चकचकीत गाडी उभी होती. त्याने इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला.

"किती टाकली?"

"काय?"

"हळद वो. अक्काला मीच तर सांगितलं व्हतं. माझी ही दोन वर्सं झाली त्याच्यावरच चालून राहिली. आशाला बोलू नका, ती लगेच ग्रुपवर टाकती."

संपतरावांनी मेव्हण्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या पिवळ्या चेहऱ्यावर हसू आलं. त्यांनी बोनेटवर मायेने हात ठेवला.

"असं अंदाजावर ठेवू न्हाई, संतराम," ते म्हणाले. "एकडाव दाब देऊन बघितलेलं बरं. फवारनीचा पंप हाय ना घरात?"

मागच्या दारात हात धूत असलेल्या पंचफुलाबाईंनी हे ऐकलं. त्या ओल्या हातांनीच स्वयंपाकघरात गेल्या.

"आशा," त्या म्हणाल्या, "आदी तुझ्या कुकरची रिंग काढून कपाटात ठेव. आन किल्ली माझ्याजवळ दे."