यादीतला अनोळखी

भांडारपालांच्या लॅपटॉपवर एक चित्र उमटायला इतका वेळ लागू लागला की तोवर हातातला चहा निवून जाई. मुलीच्या फोनवर मात्र सगळं झरझर चाले. तिनेच सुचवलं, राउटरचं पान उघडा, नेटला कोण कोण जोडलंय ते दिसतं. इस्पितळाच्या भांडारात उभा जन्म मोजदाद करण्यात घालवलेल्या माणसाला एवढं पुरे होतं.

कंपनीने दिलेला पासवर्ड घातला, पान उघडलं. यादीत एक टीव्ही, एक प्रिंटर, काही फोन आणि सगळ्यात शेवटी त्यांचा लॅपटॉप होता. घरात प्रिंटर नव्हताच. उलट बायकोचा आणि मुलीचा फोन यादीत कुठेच नव्हता.

"अहो, माझा फोन तर चालतोय," बायको म्हणाली.

"चालत असेल. पण नोंद नाही."

नोंद नसलेली वस्तू भांडारपालांच्या लेखी जगातच नसे. त्यांनी स्वतःचा लॅपटॉप सोडून एकेक नाव बंद केलं आणि दर वेळी घरात विचारून घेतलं, कुणाचं काही अडलं का? कुणाचंच अडलं नाही. म्हणजे सगळे चोरच, हे सिद्ध झालं. शिवाय लॅपटॉप वाऱ्यासारखा पळू लागला.

तेवढ्यात दारात शेजारच्या व्हायोलिनच्या बाई. त्यांच्या विद्यार्थिनीची परीक्षा थोड्याच वेळात नेटवरून होती आणि घरातलं सगळंच एका दमात बंद पडलं होतं. भाऊंना यातलं कळतं, असं वहिनी सांगत होत्या, म्हणून आल्या.

भांडारपाल लॅपटॉप काखेत मारून ऐटीत गेले. बाईंच्या घरात कोपऱ्यात प्रिंटर होता. समोर टीव्ही. आणि भांडारपालांच्या लॅपटॉपला न विचारता, न सांगता तिथलं नेट भरभरून मिळत होतं.

भांडारपालांचे कान तापले. मागे घरचं नेट गेलं तेव्हा बायकोने बाईंचा पासवर्ड मागून आणला होता. लॅपटॉपने तो जन्माचा धरून ठेवला. दोन्ही घरांत राउटर एकाच कंपनीचे, आणि त्या पानाचा पासवर्ड कुणीच कधी बदलला नव्हता.

त्यांनी मुकाट्याने सगळी नावं पुन्हा सुरू केली. पडद्यावर विद्यार्थिनीचा रडवेला चेहरा उमटला आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी वाकून यादी पाहिली.

"भाऊ, हे शेवटचं नाव काही माझ्याकडचं नाही."

"असतं एखादं," भांडारपाल पुटपुटले.

"नको मेलं. काढून टाका."

भांडारपालांनी स्वतःच्या बोटाने ते काढून टाकलं.

घरी आले तेव्हा पलीकडून व्हायोलिन अडखळत ऐकू येत होतं. नेटचा दोष नव्हता, विद्यार्थिनीच घाबरली होती.

"सापडला का चोर?" बायकोने विचारलं.

"सापडला. तसा बरा माणूस आहे. समज दिलीय." त्यांनी लॅपटॉप उघडला. मग आवाज उतरवून म्हणाले, "आपल्या नेटचा पासवर्ड काय गं?"