गार्गीच्या बेसची जाड तार

"तार ती तार. तंबोऱ्याची काय नि बेसची काय," असं श्यामकांत उत्तराबाईंना मोठ्या विश्वासाने म्हणाले, तेव्हा बेसच्या चारही तारा शाबूत होत्या.

बेस म्हणजे नातीचं, गार्गीचं, लांब दांड्याचं गिटार. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाला संध्याकाळी सात वाजता ती पहिल्यांदाच स्टेजवर वाजवणार होती. आत्ता केस सरळ करून घ्यायला गेली होती. जाताना "कोणी हात लावू नका" असं बजावलं होतं. पण त्या 'कोणी'त आपण येत नाही, अशी श्यामकांतांची समजूत. उत्तराबाई गायच्या तेव्हा तंबोरा तेच तर लावून देत.

त्यांनी सगळ्यात जाड तार छेडली. भिंतीपलीकडे कोणी कुजबुजावं, तेवढाच आवाज आला.

"ढिली आहे," म्हणत त्यांनी खुंटी पिळली.

"अहो, ते विजेवर चालतं ना?"

"वीज काय तार लावून देते?"

आणखी एक पिळा. तार अशी तुटली, की चष्मा सोफ्याखाली आणि श्यामकांत सोफ्यावर!

तुकडे पिशवीत घालून त्यांनी रिक्षाने दुकान गाठलं. दुकानदार चंद्रप्रकाशने विचारलं, "चार का पाच, काका?"

"सात. सातला कार्यक्रम आहे."

"बेसला तारा किती, विचारतोय."

"आता तीन."

चंद्रप्रकाशने चार तारांचा सेट पुढे केला. सुटी तार मिळत नव्हती.

घरी आल्यावर नवा घोळ. नवी तार खुंटीच्या पुढे वीतभर लोंबत होती. अंदाजाने काम करणारा माणूस इथे फसला असता. श्यामकांतांनी तुटलेल्या तारेचा लांब तुकडा नव्या तारेशेजारी ठेवला, पुन्हा पुन्हा मापला आणि पक्कडीने बरोब्बर तेवढीच तार कापली.

ती खुंटीपर्यंत पोचेना.

"तुटलेल्या तुकड्याच्या मापाने कापलीत?" उत्तराबाईंनी विचारलं.

"मग कशाच्या मापाने कापायची?"

उत्तराबाई स्वयंपाकघरात गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला आणि मागोमाग बाहेरचं दार उघडल्याचा. गार्गी परतली होती.

"माझी जाड तार कुठाय?"

"बाकीच्या तीन आहेत की. शिवाय त्यांच्या जोडीला नव्या तीन."

"आजोबा, तिन्ही गाण्यांत मी फक्त जाडच वाजवते. बाकीच्या मला अजून येतच नाहीत." तिचे डोळे भरून आले. "आता कुठली तार नि कुठलं काय. स्टेजवर नुसती बोटं हलवते. कोणाला सांगू नका हं."

कार्यक्रमात श्यामकांत शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले. आत्ता कोणीतरी उठून बोलणार, म्हणून प्रत्येक गाण्याला घामाने भिजले. कोणी उठलं नाही. उलट टाळ्याच टाळ्या.

कार्यक्रम संपल्यावर बँडमध्ये गाणारा सिद्धेश धावत आला. "गार्गी, झकास यार! आज पहिल्यांदा आपण सुरात वाटलो. तारा बदलल्यास ना?"

गार्गीने ओठ चावला. तिला हसू येत होतं की रडू, श्यामकांतांना कळेना.

"आजोबांनी बदलल्या," ती म्हणाली.

सिद्धेश वाकून पाया पडला. "आजोबा, उद्या माझं गिटार आणू?"

श्यामकांत पायात असलेल्याच चपला शोधू लागले.