डाव्या कानापासून दोन बोटं

पाच वर्षांच्या मुलाचा उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेला, तर त्याची बोटं डाव्या कानाच्या साधारण दोन बोटं अलीकडे थांबतात. सहाव्या वर्षाच्या आसपास ती कानाला टेकतात. शिक्षिका जरिनाबाईंनी बालवाडीतल्या अठ्ठावीस मुलांवर हे पाहून वहीत लिहून ठेवलं होतं. दोघांचे हात पोचत होते, सव्वीस जणांचे नव्हते.

जत तालुक्यातल्या त्या गावात बालवाडी बिरोबाच्या देवळाच्या ओसरीवर भरे. सांगलीतल्या एका विश्वस्त संस्थेचं अनुदान मिळालं, तर पाट्या, दुधाची भुकटी आणि बाईंचा पगार सुरू होणार होता. शहात्तर सालचा जून संपेपर्यंत मंजुरी आली नाही, तर बाई सांगलीला परत जाणार आणि मुलं पुन्हा मेंढरांमागं माळावर. संस्थेचे तपासनीस निकमसाहेब तीनदा येऊन गेले होते. तिन्ही वेळा गूळ-शेंगा खाऊन ते म्हणाले होते, "विचार करून कळवतो."

अडचण वयाची होती. संस्थेला सहा वर्षांखालची किमान पंचवीस मुलं हवी होती आणि जन्मतारीख एकाचीही नव्हती. विचारलं की प्रत्येक आई सांगे, "दुष्काळात खडी फोडाय जात हुते, तवा पोटात हुतं." शेवटी साहेबांनी पत्र पाठवलं : पुढच्या सोमवारी येतो, कान पाहू. ज्याचा हात कानाला लागेल तो मोठा, तो बाद.

बाई सरपंच बिराप्पांना एवढंच म्हणाल्या, "सोमवारी साहेब मुलांचे हात कानाला लागतात का ते बघणार आहेत." आणि अनुदानाचे अर्ज आणायला आठवडाभर सांगलीला गेल्या.

रविवारी दुपारी त्या एसटीतून उतरल्या, तर वेशीवर अठ्ठावीस डोकी उन्हात चकाकत होती. सगळ्यांची चकोट झाली होती, मुलींचीसुद्धा. बिराप्पांनी हात वर केला. अठ्ठावीस हात डोक्यांवरून गेले आणि अठ्ठावीस डावे कान पकडले गेले.

"हे काय केलंत?"

"कानाची परीक्षा हाय म्हणालासा न्हवं? शाळंत गुर्जी ह्येच बघत्यात. हात लागला की पास!" बिराप्पा खूश होते. "दोन बोटं कमी पडत हुती, बाई. एक बोट केसाचं निघालं. दुसरं आमी वढून काढलं. रोज सकाळी करडीचं त्याल लावायचं, दोघांनी कोपराला धरायचं आन् एक, दोन, वढ!"

"बिराप्पा, हात लागायला नको होता."

बिराप्पांनी पटका काढून डोकं खाजवलं. "आवं, मग जाताना सांगायचं हुतं. ह्यो कसला नियम? पोरगं पोचलं की नापास?"

बिराप्पा हातातल्या पटक्याकडे बघत राहिले. "केस एका दिसात येत न्हाईत," ते म्हणाले. "पर उंची येती."

सोमवारी निकमसाहेब जीपमधून उतरले. ओसरीवर अठ्ठावीस मुलं बापांचे पटके बांधून बसली होती. काहींचं नाक तेवढं दिसत होतं.

"वरात आहे का कुणाची?"

"ऊन लय हाय, सायेब," बिराप्पा म्हणाले.

"इथं सावली आहे. काढा ते."

पटके निघाले. साहेबांनी काही विचारायच्या आत मुलांनी आठवडाभराची सवय दाखवली. अठ्ठावीस कान पकडले गेले. काहींनी आनंदाच्या भरात हात बदलून दुसराही धरून दाखवला.

"सगळी मोठी," साहेब म्हणाले. "तरीपण विचार करून कळवतो."

जरिनाबाईंनी वही मिटली. "साहेब, कुठलंही माप वापरण्याआधी ते ठाऊक असलेल्या वस्तूवर पडताळून घेतात. इथं वय पक्कं ठाऊक असलेलं एकच माणूस आहे."

"कोण?"

"तुम्ही."

"मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे!"

"म्हणजे हात सहज लागेल."

साहेब हसले आणि त्यांनी उजवा हात उचलला. दंड जाड, मान आखूड. हात टाळूवरून सरकत गेला आणि थांबला.

बिराप्पांनी वाकून पाहिलं. "दोन बोटं कमी हाईत."

"म्हणजे या मापानं साहेब पाच वर्षांचे," बाई शांतपणे म्हणाल्या. "माप तरी चुकलंय, नाहीतर आमच्या यादीत एक नाव वाढलं."

शेजारच्या जोत्यावरून धोंडूबाई म्हातारीनं विचारलं, "माझाबी हात वर जात न्हाई. मलाबी दूध मिळंल व्हय?"

तेवढ्यात मुलांनी साहेबांकडे पाहिलं. हात वर, कान दोन बोटं लांब. आठवडाभर हेच चाललं होतं. दोघं पुढं झाली, साहेबांशेजारच्या ओट्यावर चढून त्यांनी साहेबांचा कोपर धरला. पाठोपाठ सहा जण आले. उरलेली त्या सहांच्या कमरेला.

"एक, दोन, वढ!"

"अरे! बाई! सोडायला सांगा यांना!"

"सांगून बघते. पण साहेब, त्यांना फक्त ओढायला शिकवलंय. सोडायला शिकवायचं राहिलंय. त्यासाठीच तर बालवाडी हवी."

"एक, दोन..."

साहेबांची बोटं कानाला टेकली. "सायेब पास!" बिराप्पा ओरडले.

साहेबांनी डोळे मिटले, आणि आपलाच कान धरून म्हणाले, "मंजूर."