नीरेकडचं पाणी

बावड्यात आमच्या शेजारी दगडूतात्या राहतात. त्यांच्याकडे पाहुणा आला, की चहाच्या आधी त्याला गावामागच्या माळावर जावं लागतं. तिथल्या काळ्या कातळाच्या कण्यावर तात्या तांब्याभर पाणी ओततात. थोडं उजवीकडे ओघळतं, थोडं डावीकडे. "हितलं चाललं नीरेला, तितलं भीमेला!" असं सांगतात, जणू कातळ त्यांनीच बसवलाय. पाहुणा तहानेनं व्याकूळ असतो, पण त्याला विचारतो कोण!

तात्यांच्या वाडवडिलांनी या माळावर मेंढरं राखली. आता मेंढरं गेली, ऊस आला, पण माळ काही तात्यांच्या डोक्यातून गेला नाही. सरळ येणारा आमचा ओढा मारुतीपाशी एकदम काटकोनात वळतो. लोक म्हणायचे, देवाला वळसा घालतो. तात्या खवळायचे. "देवाला कशाला मधी घेता? मऊ मुरमातनं आला, हितं कातळ आडवा आला. खालचं बगा!"

"खालचं बगा" हे त्यांचं ठरलेलं. निवडणूक असो की नवा ट्रॅक्टर, सल्ला तोच. आम्ही चेष्टा करतो, पण परगावचा कुणी हसला तर खपवून घेत नाही. असा ओढा आणि असा तात्या आहे का तुमच्याकडे?

सुनंदा त्यांची एकुलती लेक. बायको लवकर गेली, तात्यांनी एकट्यानं वाढवली. मागच्या वर्षी तिला माळापलीकडच्या वाडीचं स्थळ आलं. मुलगा डेअरीत नोकरीला, माणसं चांगली, सुनंदाला पसंत. तात्या घर बघून आले आणि म्हणाले, "न्हाय जमायचं. त्यांचं पानी भीमेला जातं."

आम्ही पोट धरून हसलो. सुनंदा हसली नाही. तिचं ठरत आलेलं लग्न मोडत होतं.

मी समजवायला गेलो. "तात्या, अहो, माळ ओलांडला की घर!"

"व्हय. पर ओढ्याच्या खालतीकडं दिली, तर हितनं गेलेलं पानी तिच्या दारावरनं जाईल. तिकडं माझं काय पोचायचं? मधी कातळ हाय."

सुनंदा दारात उभी राहून ऐकत होती.

"कातळ पान्याला आडवा हाय, तात्या. तुमाला कुणी आडवलंय? तुमी येत जावा की."

तात्यांनी टोपीनं डोळे पुसले. त्याच आठवड्यात सुपारी फुटली.

आता दर बाजारादिवशी तात्या आपल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरतात, कॅन सायकलीला बांधतात आणि माळ चढून लेकीकडे जातात. "तिकडल्या पान्यात डाळ शिजत न्हाय," असं कारण सांगतात. मी एकदा सोबत गेलो होतो. सुनंदाच्या दारात नळ आहे, डाळही झकास शिजते. तरी तिनं कॅन उतरवून घेतला, भरलेला माठ रिकामा केला आणि सासूला म्हणाली, "आत्या, आज प्यायला ह्येच."