गोगटे काकांचा बिनवासाचा जिना

आमचे शेजारी गोगटे काका कुणाच्या घरी गेले की खुर्चीकडे बघत नाहीत. चपला काढतात, सरळ स्वयंपाकघरात शिरतात, गुडघ्यावर हात टेकून खाली बसतात आणि सिंकखालचं कपाट उघडतात.

आता सिंकखालचं कपाट ही काय पाहुण्यांना दाखवायची गोष्ट आहे का? दाखवायला हॉलमध्ये शोकेस असते. फरशीची निळी बाटली, संडासाची काळी, काचेची हिरवी, एकावर एक फुकट मिळालेली गुलाबी, जी कशासाठी आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि आधीच्या भाडेकरूने मागे सोडलेलं ॲसिड. काका एकेक बाटली काढून फरशीवर रांगेत मांडतात आणि मान वर करून विचारतात, "हे कुणाला मारायला ठेवलंय?"

मी अमरावतीची. आमच्याकडे शेजारी असं बोलला तर आधी कडाडून भांडण होते, मग जेवायला बोलावणं होते. पुण्यात तसं नाही बाप्पा. इथे अपमानसुद्धा 'अहो' लावून करतात, त्यामुळे तो आपल्याला घरी गेल्यावर समजतो. हडपसरला आम्हा नवराबायकोला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली, जवळच मांजरी गावात फ्लॅट घेतला, लिफ्ट नाही म्हणून जरा स्वस्तात मिळाला, आणि समोरच्या दारातून निघाले हे काका. सदाशिव पेठेतली जागा विकून इकडे आलेले. स्वभाव मात्र विकायचा राहिला होता.

काका निवृत्त सेल्समन. बाजार खुला झाला, नवनव्या कंपन्या आल्या, तेव्हा ते साफसफाईचा माल विकणाऱ्या एका कंपनीत लागले. दारोदार फिरायचं, अर्धी फरशी साध्या पाण्याने पुसायची, अर्धी कंपनीच्या औषधाने, आणि विचारायचं, "वहिनी, बाळाला कुठल्या बाजूला रांगायला सोडाल?" या एका वाक्यावर त्यांनी अर्धं पुणं फिनेलमध्ये बुडवलं, असं ते स्वतःच सांगत. आणि आता म्हातारपणी माळ घातल्यासारखे रिठे उकळत बसत. तांब्याला चिंच, आरशाला व्हिनेगर, ओट्याला खाण्याचा सोडा. एकदा मी हौसेने सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं. मस्त फेस आला. काका म्हणाले, "दोघांनी एकमेकांना मारलं, आता ते नुसतं पाणी आहे. फेस म्हणजे सफाई नव्हे. मी हाच फेस विकून मुलाला इंजिनियर केलंय."

लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी असं मुरत घातलेली एक बरणी त्यांनी मला दिली. रोज झाकण सैल करून आतली हवा सोडा म्हणाले. मी दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, माझं झाकण कुठून लक्षात राहणार? बरणी बाल्कनीत फुटली आणि खालच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर गुळाचं पाणी. मी तोंड लपवत खाली पोचले, तर काका आधीच तिथे. चूक आपलीच म्हणून सांगून त्यांनी शर्ट ताब्यात घेतले होते. संध्याकाळी रिठ्यात धुऊन, इस्त्री करून परत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण काकांचा खरा डोळा होता जिन्यावर. सोसायटीचा सफाईवाला रोज सकाळी फिनेल टाकून जिना पुसायचा. प्रत्येक मीटिंगला काका उठून उभे राहायचे. जिना रिठ्याच्या पाण्याने पुसला जावा, पाणी मी देईन, वेळ पडली तर पुसेनही मीच. चेअरमन म्हणायचे, काका, वास आला नाही तर पुसलाय हे लोकांना कळणार कसं? सगळे हसायचे. काका खाली बसायचे, आणि पुढच्या मीटिंगला परत उभे. इतक्या चिवटपणे मी कुणाला पगारवाढ मागतानाही पाहिलं नाही.

गोगटे काकू लोणी काळभोरला भावाच्या शेतावर राहायच्या. काका रविवारी डबा घेऊन बसने तिकडे जायचे. यावर बिल्डिंगचा निकाल एकच होता. या माणसाच्या बरण्यांना कंटाळून बाई माहेरी निघून गेली. मीही आईला फोनवर हेच सांगून खो खो हसायची.

संक्रांतीला काकू येणार असं कळलं. काका आठवडाभर पळत होते. मला वाटलं, आपणही काही करावं. त्या सकाळी सफाईवाला जिना न पुसताच निघाला होता, त्याला थांबवून मी तो दोनदा पुसून घेतला, माझ्या घरची निळी बाटली देऊन. पाहुणी येते म्हटल्यावर एवढं तर कोणीही करते. रिक्षा आली. काकू पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत चढल्या, पदर तोंडाला लावला आणि तशाच मागे फिरल्या. काका त्याच रिक्षात बसून त्यांच्याबरोबर गेले. दारापर्यंतही आली नाही बिचारी, किती विटली असेल बघा, असं तळमजल्यावर ठरलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या नणंदेला बघायला मंडळी आली. मुलाची आई कांदेपोहे खातेय, नणंद खाली मान घालून बसलीय, आणि काका वाटी परत द्यायला आले. आले ते नेहमीप्रमाणे आत गेले. बाहेर आले ते ॲसिडची बाटली घेऊन. ती पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून त्यांनी मुलाच्या आईला विचारलं, "आपल्याकडे कुठलं वापरतात?" बाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. नंतर कळवतो म्हणाले, आणि कळवलं नाही. नणंद दोन दिवस जेवली नाही.

मी तणतणत काकांच्या घरी गेले. त्यांच्या घरात आतपर्यंत मी पहिल्यांदाच जात होते. त्या घराला वासच नव्हता. ना उदबत्तीचा, ना फोडणीचा. खिडक्या सताड उघड्या, आणि आतल्या खोलीत एक पलंग, धुतलेली चादर ताणून घातलेला, कुणी न झोपलेला. पण मी रागात होते. मनात होतं ते सगळं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "याच्यामुळेच काकू तुमच्याजवळ राहत नाहीत."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "माझ्यामुळेच गेली ती."

मग ते खाली बघत सांगत गेले. कंपनीकडून नव्या मालाचे नमुने यायचे. आधी घरात वापरून बघायचे, मग बाहेर दाखवायचे, अशी त्यांची पद्धत. वापरून बघायच्या काकू. पेठेतल्या त्या खिडकी नसलेल्या मोरीत, दार लावून, कधी दोन-दोन औषधं एकत्र करून, कारण डाग निघाला की काका शाबासकी द्यायचे. वर्षानुवर्षं. मग दमा लागला. कशाने ते नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांना सांगता येत होतं. आता असला वास कुठूनही आला, समोरच्या सिंकखालून आला तरी, काकूंचा श्वास कोंडतो.

मी म्हटलं, हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलं?

"काय सांगू? ज्या हाताने घरोघर पोचवलं त्याच हाताने बायकोच्या छातीत भरलं, असं? लाज वाटते हो. त्यापेक्षा लोक चक्रम म्हणतात ते बरं."

आणि तेव्हा कुठे मला ती निळी बाटली आठवली. संक्रांतीचा जिना मी पुसून घेतला होता, एवढं कसंबसं माझ्या तोंडून निघालं.

"माहीत आहे," काका म्हणाले. "आपण चांगल्या मनाने केलंत. जिना खरंच लख्ख दिसत होता."

पुण्याचा माणूस, पण त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी घरी येऊन सिंकसमोर फरशीवर बसले आणि आईला फोनवर हसत सांगितलेलं सगळं मला शब्दन् शब्द आठवत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरले. नमुन्यांचं काही सांगितलं नाही. काकूंना दमा आहे, त्यांना घरी यायचंय, एवढंच. कुणी हसलं नाही. बायकांनी आपापली कपाटं स्वतःच उपसली. काकांनी सगळ्या बाटल्या पोत्यात भरून, ॲसिडवर लाल चिंधी बांधून, कचरागाडीवाल्याला वेगळ्या दिल्या. पहिला रिठा चेअरमननी उकळला, आणि तो उतू जाऊन त्यांचा गॅस बंद पडला.

चैत्रात काकू आल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबल्या, हळूच एक श्वास घेतला, आणि वर चढल्या. संध्याकाळी त्यांनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं. आम्ही सगळ्या गेलो, कुणी गजरा माळला नाही, कुणी पावडर लावली नाही. काकूंनी रिकाम्या अत्तरदाणीतली काडी एकेकीच्या मनगटावर फिरवली, आणि आम्ही एकेकीने मनगट नाकाशी नेऊन छान आहे म्हटलं. हळदीकुंकवात पुरुषांचं काय काम, म्हणून काका आत पन्हं करत होते.

आंब्याची डाळ खाता खाता काकू खोकल्या.

आमचे घास तोंडातच राहिले. काका हातात पळी घेऊन धावत बाहेर आले आणि बायकांच्या मधोमध उभे राहिले.

"अहो, मिरची लागली डाळीतली," काकू म्हणाल्या. "जा आत."

काका आत गेले. मग आतून नळाचा आवाज येत राहिला, बराच वेळ. पन्हं तर कधीच तयार होऊन बाहेर आलेलं होतं, आमच्या हातात पेले होते. पण नळ का चालू आहे, ते कुणी विचारलं नाही. काकूंनी सगळ्यांना आणखी थोडी डाळ वाढली.